वांग्यांचा फ्लू

“सुई ही मानवजातीच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक आहे!” असं मनोहरराव वैरागडे यांनी श्रमसाफल्य सोसायटीच्या समाजभवनात भर गर्दीसमोर जाहीर केलं. टाळ्या कडाडल्या. मनोहररावांनी त्या उभं राहून स्वीकारल्या असत्या. पण त्यांची पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि दोन्ही पाय मिठाच्या पाण्यानं भरलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या टबात होते. असल्याच टबात घरोघरी रविवारी चादरी भिजत घालतात. समाजभवनात आल्यावर त्याचं नाव ‘आरोग्यकुंड’ झालं होतं.

नागपुरात मानेवाड्याकडची ही सोसायटी शिकल्यासवरल्यांची. निवृत्त इंजिनियर, बँकवाले, झालंच तर दोन प्राध्यापक. अडाणी माणूस फसला तर निदान लाजतो. शिकलेला माणूस फसला की ग्रुपवर मेसेज टाकून बाकीच्यांना बोलावतो. त्यामुळे त्या रविवारी समाजभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. पाय ठेवायची एकमेव जागा म्हणजे तो टब, आणि त्यासाठी तर नंबर लागले होते.

कुंडाचे धनी होते जलयोगी नीरानंद महाराज. अंगात भगवी कफनी, पायांत पांढरे धावायचे बूट. विधी सोपा होता. भक्तानं टबात पाय सोडायचे. महाराजांनी त्यात ‘हिमालयाच्या पोटातलं’ मीठ टाकायचं, वायर लावलेली एक काळी डबी बुडवायची, बटण दाबायचं आणि टबावर लाल मखमली कापड झाकायचं.

“कपडा हटवू नका! हवा लागली तर निघालेला फ्लू परत आत शिरते.”

मग महाराजांचं प्रवचन. “डॉक्टर काय म्हणते? फ्लूची लस दरवर्षी घ्या. दरवर्षी! अरे, ते लस आहे का मोबाईलचा रिचार्ज?” हशा. “आन् त्या लसीत असते काय? फ्लूच! म्हणजे तुमी रोग विकत घेता. आमी तो फुकट काढतो.” शेजारच्या दानपेटीवर ‘ऐच्छिक’ असं लिहिलं होतं. पेटीला झाकण नव्हतं, म्हणजे कोणाची इच्छा केवढी ते मागच्या रांगेलाही दिसावं.

प्रवचन संपलं की कापड दूर व्हायचं आणि बघ्यांच्या तोंडून ‘आऽऽ’ निघायचा. मघाचं स्वच्छ पाणी तांबडंलाल झालेलं असे आणि त्यावर काळसर पापुद्रे तरंगत असत.

“पिवळं दिसते ते किडनीतलं,” महाराज काडीनं दाखवत. “तांबडं लिव्हरमधलं. आन् हे पापुद्रे? हा फुप्फुसातला पुराना फ्लू. मेला!”

मनोहररावांच्या पाण्यात तर पापुद्र्यांची जत्राच भरली होती. शेजारी ओमप्रकाशजींनी डोळे विस्फारले. “बाप रे, वैरागडेसाहेब! तुमच्या अंदर इतका माल होता?”

मनोहरराव नम्रपणे हसले. ओमप्रकाशजी मात्र उदास होते. त्यांचं पाणी नुसतं पिवळसर झालं होतं. त्यांच्या वेळेला मिठाची पुडी संपत आली होती, पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आयुष्यभर बँकेत बसून आपल्या शरीरात साधा फ्लूसुद्धा जमा झाला नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

पाय पुसताना मनोहरराव कुंडावर वाकले. वास ओळखीचा वाटला. कुठे बरं घेतला हा वास? मग त्यांनी स्वतःलाच समजावलं, आपल्याच अंगातला फ्लू आहे, ओळखीचा असणारच.

घरी पोचले तेव्हा ताराबाई फोनवर होत्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली ही बाई नवऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग खोडून काढायची. जुनी सवय, दुसरं काय.

“घ्या, मेघाच आहे,” त्यांनी फोन पुढे केला.

मेघा म्हणजे मुलगी. पुढच्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती.

“बाबा, लस घेतली का?”

“गरज नाही, बेटा. माझा फ्लू आज काढला. डोळ्यानं पाह्यला मी.”

पलीकडून मेघा म्हणाली, “बाबा, बाळाला पहिले सहा महिने ही लस देता येत नाही. मी घेतली, आईनं घेतली. आता घरात तुम्हीच राहिलात. तुम्ही घेतली नाही तर बाळ माझ्या खोलीत, आणि तुम्ही दाराबाहेरून बघा.”

“आपल्याच नातवाले मी दारातून पाहू?”

“हो. आणि मास्क लावून.” फोन बंद झाला.

“ऐकलं काय बोलली?” मनोहरराव तणतणले. “बापाले!”

“बरोबर बोलली,” ताराबाई म्हणाल्या. “मागच्या थंडीत काय झालतं, इसरले का? साधा फ्लू म्हणत होते. आठवडाभर ऑक्सिजन लावून पडले होते, आन् मी दवाखान्याच्या बाकड्यावर. तवा तुमचं कुंड कुठं होतं?”

“तवा महाराज भेटले नव्हते.”

“अहो, खरं सांगा. महाराज पटले म्हणून सुई नको, का सुईचं भेव म्हणून महाराज पटले?”

मनोहररावांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. मागच्या थंडीत रक्त काढताना ते बेशुद्ध पडले होते. सुई टोचल्यावर नव्हे. स्पिरिटचा बोळा पाहून.

पुढच्या रविवारी ताराबाई स्वतः समाजभवनात आल्या. बाजारातून थेट आल्यामुळे हातात भाजीची थैली होती. मनोहररावांची छाती फुगली. बायको वळली!

“माताजी, या,” महाराज म्हणाले. “पाय सोडा कुंडात.”

ताराबाई खुर्चीवर बसल्या आणि डोक्यावरून पदर घेतला, जो त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर कधी घेतला नव्हता. “महाराज, बायामाणसाचे पाय आहेत. जरा तिकडं तोंड करा. तुमीबी हो, ओमप्रकाशजी.”

सगळ्या पुरुषांनी मर्यादेनं भिंतीकडे तोंड केलं. बाजूला बसलेल्या प्रेमिलाबाईंनी काय पाहिलं कोण जाणे. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. कापड झाकलं गेलं. “हं, फिरा,” ताराबाई म्हणाल्या.

महाराजांनी कापडाखाली हात घालून मीठ टाकलं, डबी बुडवली, बटण दाबलं. रिचार्जचा विनोद झाला. मग कापडाची कड जराशी उचलून त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“माताजी, लिव्हर फार खराब आहे. फुप्फुसात तर फ्लूनं घर केलं. अजून थोडं थांबल्या असत्या तर...”

“तर काय?”

“तर कठीण होतं!”

“कोणाचं?” असं म्हणून ताराबाईंनी कापड खसकन ओढलं.

पाणी तांबडंलाल. वर पापुद्रे. आणि मधोमध, ज्यांचं लिव्हर फार खराब होतं अशी भरताची दोन मोठी वांगी डुलत होती. ताराबाईंचे पाय खुर्चीवर, साडीखाली, मांडी घालून कोरडे. मोजेसुद्धा काढलेले नव्हते.

सगळा हॉल माना उंचावून वांगी पाहू लागला. महाराज मात्र मुरलेले. “वनस्पतीमध्येबी जीव असते, माताजी! वांग्याले फ्लू काहून होणार नाही?”

“होऊ द्या की. फक्त वांग्याचं लिव्हर कोणत्या बाजूनं असते, तेवढं सांगा.”

प्रेमिलाबाईंच्या तोंडातला पदर सुटला आणि हशाचा बांध फुटला. ताराबाईंनी वांगी थैलीत टाकली, टब रिकामा केला, नवीन पाणी भरलं. “आता पाय नाही, वांगे नाही. फक्त मीठ आन् डबी. लावा बटण.”

“आमचं यंत्र रिकामं चालवता येत नाही, ते कोपते,” महाराज म्हणाले. ताराबाईंनी बटण स्वतःच दाबलं. सगळ्यांच्या देखत, कोणाचा पाय नसताना, डबीभोवती पिवळा धूर उतरावा तसा रंग पसरू लागला. मग तांबडा. मग पापुद्रे वर आले.

मनोहरराव नकळत पुढे झाले, वाकले आणि वास घेतला. आता आठवलं. दर मार्चमध्ये गच्चीवर उकिडवं बसून ते स्वतःच्या हातानं जी टाकी खरवडायचे, मग डांबर फासायचे, त्या टाकीचा वास.

“अरे!” ते मोठ्यानं म्हणाले. “हा तर कूलरचा वास आहे!”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण आता उशीर झाला होता. नागपुरात कूलर नाही असं घर नाही, आणि कूलरची टाकी घासली नाही असा नवरा नाही. हॉलमधल्या प्रत्येक पुरुषाला तो तांबडा गंज ओळखू आला. उभा जन्म जो ते खरवडून गटारात टाकत आले, त्याच्याच दर्शनासाठी त्यांनी नंबर लावले होते.

ताराबाईंनी आधी प्लग काढला, मग डबी उघडून दाखवली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, कडा कुरतडल्यासारख्या. “मिठाचं पाणी आन् त्यात वीज. लोखंड विरघळते, गंजते, पाणी लाल होते. झिजलं ते या पट्ट्यांचं अंग, तुमचं नाही. ओमप्रकाशजी, तुमच्या वेळी मीठ कमी पडलं. म्हणून तुमचा फ्लू फिका.”

ओमप्रकाशजींच्या चेहऱ्यावर आठवड्यानं प्रथमच समाधान दिसलं.

“आन् रिचार्जचं म्हणाल,” ताराबाई पुढे म्हणाल्या, “तर फ्लूचा विषाणू दरसाल रूप बदलते, म्हणून लसबी बदलावी लागते. तुमी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्यात बदलता. म्हणून कूलर खोटा आहे का? मी कोणाले माझ्यावर विश्वास ठेवा म्हणत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच पाहा, की तुमी तिथं नसतानाबी तो होते का. होत असंल, तर तो तुमच्यासाठी नाही; तुमच्या खिशासाठी आहे.”

महाराजांना एकाएकी कळमेश्वरचा कार्यक्रम आठवला. डबी राहिली, टब राहिला. दानपेटी मात्र ते विसरले नाहीत. धावायचे बूट कशासाठी होते, ते तेव्हा कळलं. लोक त्यांच्यावर चिडले नाहीत. चिडले ते ताराबाईंवर. “वहिनी, निदान आमचा नंबर होईपर्यंत तरी थांबायचं,” असं एक प्राध्यापक जाताना पुटपुटलेच.

दुसऱ्या दिवशी मनोहरराव चौकातल्या डॉक्टर कामिनी यांच्या दवाखान्यात होते; सोबत ताराबाई, हातात थैली. सगळ्या पळवाटा बंद झाल्या तरी एक फट ते शोधत होते.

“डॉक्टर, लस घेतल्यावर फ्लू होणारच नाही, असं लिहून द्या.”

“नाही देत. होऊ शकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण जिवावर बेतायची, भरती व्हायची शक्यता कमी होते. तुमचं वय, मागचं आजारपण आणि घरात येणारं बाळ पाहता घ्यावी, असं मी सांगेन. जो सगळंच लिहून देतो ना काका, त्याच्या टबात पाय घालू नका.”

“पण हिच्यात फ्लूच असते म्हणे?”

“मेलेल्या विषाणूचे तुकडे. त्यानं फ्लू होत नाही. हात दुखेल, एखाद दिवस कणकण वाटेल. लसीचा जोर यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आज आलात ते बरं. कशाची ॲलर्जी?”

“सल्ल्याची,” ताराबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर श्रमसाफल्यचीच चार माणसं नंबर लावून बसली होती, उघड्या दारातून सगळं ऐकत. श्रोते दिसले की मनोहररावांना राहवत नसे. ते खुर्चीतून उठले. “मित्रहो! भीती ही अज्ञानाची लेक आहे! ज्यानं प्रश्न विचारला तो वाचला, ज्यानं नुसत्या टाळ्या वाजवल्या तो बुडाला! आजपासून या वैरागड्याच्या घरात विज्ञानाचं राज्य! सुई ही मानवजातीच्या इतिहासातली सर्वांत मोठी...”

“काका, बाही वर करा,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी स्पिरिटचा बोळा उचलला.

मनोहरराव खाली बसले. डोळे गच्च मिटले. आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

“तारे, ते थैली खाली ठेव आन् माझा हात धर वं.”