दहा ठोके

डॉक्टरसाहेबांनी इको यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. तिच्याखाली यंत्राने आपणहून मोजलेला आकडा असायचा, आणि हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या इकोवाल्या बाई तो मुद्दाम झाकून ठेवत. उत्तर आधी दिसलं की हात आपोआप तिकडे वळतो, असं त्यांचं म्हणणं.

"हे बघा, सेहेचाळीस," साहेब म्हणाले. "एमआरआयमध्ये पंचेचाळीस. तुमचेच तेवढे तीस कसे?"

लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री डाव्या कुशीवर पडला होता, छातीला जेल फासलेलं. त्याचं हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतं, एवढाच प्रश्न होता. पंचेचाळीस असतील तर गोळ्या घेऊन घरी. तीस असतील तर छातीत झटका देणारं यंत्र बसवायचं, कारण असं हृदय कधी दगा देईल याचा नेम नसतो. घरी पाठवलेले असे दोघे बाईंच्या अजून लक्षात होते.

मिस्त्रीचे ठोके अनियमित होते. एखादा भरलेला, दोन पोकळ. यंत्राने एकच पकडला, नेमका भरलेला. एमआरआय एरवी सरस, हे बाईही मानत. पण तो अनेक ठोक्यांचे तुकडे जोडून चित्र करतो, आणि ठोके सारखे नसले की कडा पुसट होतात. बाई दहा ठोके घेत, प्रत्येकाची आतली कड हाताने आखत आणि सरासरी काढत. सव्वीस वर्षांत त्यापायी उजवा खांदा कामातून गेला होता.

एका फाइलमध्ये दोन आकडे बरे दिसत नाहीत, बाईंनी चाळीस लिहून टाकावं, असं साहेबांनी हळूच सुचवलं. बाईंचं डोकं फिरलं. चाळीस कुणीच मोजले नव्हते.

"मोजलं ते लिहिलं, साहेब. दुसरा आकडा हवा तर दुसऱ्याची सही घ्या."

"रिटायर व्हायला चार महिने राहिलेत तुमचे."

"म्हणूनच. आता कुणाला घाबरू?"

मिस्त्री उठून बसला. बाईंनी दहा मोजले आणि यंत्राने एकच, हे खरं का, असं त्याने विचारलं. बाईंनी मान डोलावली.

"साहेब, लिफ्ट आम्ही एका फेरीवर पास करत नाही. भरलेली बघतो, रिकामी बघतो. मी घरी जात नाही."

शर्टाची बटणं लावत तो साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसला. बायको समजावून थकली, हा ढिम्म हलेना.

शेवटी साहेबांनी त्याला ठेवून घेतलं. औषधांनी ठोके ताळ्यावर आले, तेव्हा पाचव्या दिवशी पुन्हा एमआरआय झाला. आकडा आला एकतीस.

साहेबांनी मिस्त्रीला यंत्र बसवायची तारीख दिली. बाईंना मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत. बाईंना राग आला, चांगलाच आला. चुकलो म्हणायला काय जीभ झिजते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोली उघडली तर पडद्याच्या कोपऱ्यावर नवी पट्टी. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, सकाळीच साहेब येऊन गेले, कात्री माझ्याकडूनच मागून घेतली.

पट्टी वाकडी लागली होती. बाईंनी ती काढून सरळ लावली आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं.