शंभरची चाल

मी एक जुना प्रोसेसर आहे. क्रीमच्या बिस्किटाएवढा चौकोनी, आणि पोटाला सोनेरी टाचण्यांच्या रांगा. संगणकाची सगळी आकडेमोड माझ्याच डोक्यात चालते. माझा वेग शंभर मेगाहर्ट्झ. मित्रांनो, आज तुम्हाला हसू येईल, पण शहाण्णव साली रोह्याच्या आमच्या आळीतले लोक मला चालताना बघायला यायचे.

माझं घर दोन खोल्यांचं. प्रविण कंपनीत शिफ्टला जायचा आणि त्याची बायको नमिता माझ्याकडून लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका छपाईसाठी मांडून घ्यायची. "नमिताचा कॉम्प्युटर कधी दगा देत नाय," असं शाळेतले गुरुजी म्हणाले, त्या दिवशी मी फुशारलो होतो.

दोन वर्षांनी, सरू नुकती रांगायला लागली होती तेव्हा, पेणहून हैबतराव आले. त्यांचा गणपतींचा कारखाना. परदेशी पाठवायच्या चाळीस मूर्तींच्या चित्रांचं पुस्तक त्यांना गुरुवारी अकरा वाजता हवं होतं. जमलं, तर दरवर्षीचं काम. नाही जमलं, तर नमिताला पनवेलला नोकरी धरावी लागणार आणि सरूला खांब गावी आजीकडे ठेवावं लागणार. घरात हे कोणी मोठ्यानं बोलत नसे. नमिता मात्र झबलं घालता घालता मध्येच थांबून पोरीकडे बघत राहायची.

एकेक चित्र उघडायला मी तीन-तीन मिनिटं घ्यायचो. नवा संगणक परवडणार नव्हता, म्हणून प्रविणनं वापरलेला एकशे तेहतीसचा प्रोसेसर मिळवला.

"आणि याला एकशे सहासष्टवर पळवायचा," तो म्हणाला. "बोर्डावरच्या खिळ्यांवरची ही एवढीशी प्लास्टिकची टोपी सरकवली की वेग वाढला."

"तापणार नाही?"

"तापेल जरासा. बाजूचा पत्रा उघडा ठेवू, वारा लागेल."

नमितानं कॅलेंडरच्या मागे टोपीच्या जुन्या जागेचं चित्र काढलं. त्याच पानावर सरूच्या तापाच्या वेळा लिहिलेल्या होत्या.

"परीक्षा आहे का उद्या?" प्रविण हसला.

"असू दे."

मला काळ्या स्पंजात टोचून काचेच्या कपाटात ठेवलं, सरूच्या वाळ्यांशेजारी. नवा भन्नाट पळत होता. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त धास्ती वाटत होती. संगणकाची पेटी जमिनीवर, पत्रा उघडा, आत पंखा गरगरतोय आणि सरूला रोज तेच हवं. सोमवारी ती टेबलाखाली पोचली. बुधवारी दुपारी तिचं बोट पंख्यापासून चार बोटांवर होतं. नमितानं झडप घालून तिला उचललं.

खांबहून सासूबाई आल्या होत्या, इंदुबाई. "बोट जायचं ना गो पोरीचं! लाव तो पत्रा. आनी मागं गोधडी कोंब, तिथनं पन शिरंल ती."

नमितानं पत्रा लावला, गोधडी कोंबली. कुठल्याही आईनं तेच केलं असतं. मी काचेआडून जीव तोडून म्हणत होतो, 'वारा! त्याला वारा हवाय!' पण माझं कोण ऐकणार?

तेविसाव्या मूर्तीवर पडदा गोठला. बंद करून पुन्हा चालू केलं, तर नुसता काळोख. नमितानं पेटीला उपडा हात लावला, ताप बघतात तसा.

"भाजतंय हो आई!"

कंपनीत फोन केला. प्रविण आत प्लांटवर होता, निरोपही पोचेना. तिनं कॅलेंडर काढलं.

"तू उघडनार?" इंदुबाई म्हणाल्या.

"सरूला घट्ट धरा."

तिनं वायर काढली, पेटी निवू दिली, टोपी जुन्या जागी बसवली. तरी काळोख. मग ती माझ्याकडे आली. माझी एक टाचणी वाकली असती तर सगळंच संपलं असतं. तिनं नव्याला बाहेर काढलं, मला अलगद त्याच्या जागी टेकवलं, बाजूची दांडी खाली दाबली. पडदा उजळला. आधीच्या बावीस मूर्ती जागच्या जागी होत्या.

मी जीव लावून चाललो, पण माझ्याच चालीनं. गुरुवारी अकराला हैबतराव आले, तेव्हा छत्तीस झाल्या होत्या.

"चार राहिल्यात, काका," नमिता म्हणाली. "मशीन हळू आहे."

हैबतराव पडद्याकडे बघत बसले. वरून एकेक रेघ उतरत होती. मुकुट आला, कपाळ आलं आणि सावकाश डोळे उघडले.

"आमच्याकडं रंगवनाऱ्यांच्या मागं मी हात धुऊन लागतो," ते म्हणाले. "पन डोळे आखनाऱ्या दाजीला कवा घाई करीत नाय. नजर तिरपी झाली की मूर्ती गेली. चारच ना? चहा टाका, वहिनी. आनी पुढल्या साली चाळीस नाय, साठ हायत. फोटो जरा आधी आनून देतो."

नमिता चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. इंदुबाईंनी सरूला तिच्याकडे नेऊन दिलं.

त्या दिवसापासून माझी पेटी भिंतीवरच्या फळीवर गेली, सरूच्या हाताबाहेर. नवा प्रोसेसर काचेआड स्पंजात गेला. त्याची चूक नव्हती हो, त्याला झेपेना एवढं पळवलं आणि वर पांघरूण घातलं. मित्रांनो, यंत्राला उंचावर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा, आणि ते दमलं की त्याला थांबू द्या.

नमिता पुढे कित्येक वर्षं रोज दुपारी सरूच्या कपाळाला हात लावायची. आणि मग तोच हात माझ्या पेटीला.