इस्त्रीला एकशे ऐंशी अँपिअर

वायरमनच्या परवान्याच्या लेखी परीक्षेत भावजी दोनदा आपटले होते. घरोघरी वायरिंग करण्यात वीस वर्षं गेलेली, हात पक्का बसलेला. पण कागद समोर आला की घाम फुटायचा. तिसऱ्या खेपेला त्यांनी वहिनीला गळ घातली. वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. दिवसभर चाळीस पोरांपुढे घसा कोरडा करून घरी यावं, तर हा एक्केचाळिसावा विद्यार्थी स्वयंपाकघरात वही उघडून हजर.

"भावजी, तारेतून जेवढा प्रभार गेला, त्याला लागलेल्या वेळाने भागायचं. झाली विद्युतधारा."

"पण प्रभार दिसतो कुठे? मी तर सरळ मीटर लावून करंट बघतो."

"परीक्षेत मीटर नेऊ देणार आहेत का?"

"तेच म्हणतो मी. का नाही देत?"

वहिनीने कपाळावर हात मारला. आठवडाभर हेच चाललं होतं. कूलंब हे प्रभार मोजायचं माप, असं ती सांगून सांगून थकली, तरी भावजींनी पुन्हा विचारलंच, "म्हणजे पाण्याला लिटर असतं तसं?"

"हो, तसंच! आता गणित घ्या. इस्त्रीतून दहा मिनिटांत अठराशे कूलंब प्रभार जातो. धारा किती?"

भावजी पेन्सिल चावत बसले. दोन मिनिटं गेली, पाच गेली. वहिनीचा धीर सुटला. तिने वही ओढली आणि स्वतःच भागाकार केला. "एकशे ऐंशी अँपिअर. यात काय डोंगर उचलायचा होता?"

"नाही हो, वहिनी."

"काय नाही?"

"एवढ्या करंटने वायरच वितळेल. घरच्या इस्त्रीला तीन, फार तर चार."

"गणित तुमच्या इस्त्रीला विचारून चालत नाही, भावजी! दहा मिनिटांत..." ती बोलता बोलता थांबली. मिनिटं. सेकंद करायचे राहिले होते. दहा मिनिटांचे सहाशे सेकंद. अठराशे भागिले सहाशे, तीन. याच चुकीवर तिने किती पोरांच्या वह्या लाल केल्या होत्या! तिला भावजींपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

"तीनच," ती पुटपुटली. "वेळ सेकंदांत घ्यायचा."

"म्हणजे एका सेकंदात किती गेलं, तेच ना?" भावजींचा चेहरा उजळला. "मग आधीच असं सांगायचं की!"

वहिनीने वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यानंतरची सगळी गणितं भावजींनी धडाधड सोडवली.

महिन्याभराने निकाल लागला. शाळेच्या मधल्या सुट्टीत भावजींचा फोन आला. "पास झालो, वहिनी! पण पाच मार्क उगाच कापले."

"का?"

"उत्तरापुढे अँपिअर लिहिलंच नाही. म्हटलं, विजेच्या परीक्षेत दुसरं काय असणार?"

वहिनीने फोन कानापासून लांब धरला आणि डोळे मिटून घेतले.