कड्याकडे तोंड

“आलं, आलं,” घरातून आवाज येतो आणि थोड्या वेळाने, “गेलं.” काय आलं? कुठून आलं, आणि गेलं म्हणजे कुठे गेलं? जन्मल्यापासून मी हे विचारतोय. मला कुणी उत्तर दिलं नाही.

मी अँटेना बोलतोय. नारिन नदीच्या वरच्या अंगाला, काठावरच्या वस्तीत, बुरुल आपाच्या छपरावर मी आयुष्य काढलं. टीव्ही आत, मी बाहेर. ज्या चित्रासाठी मला बनवलं, ते मी कधीच पाहिलं नाही.

मला दुकानातून आणलेलं नाही. आपाचा थोरला मुलगा कुबात, त्याने मला अंगणात बसून बनवलं. तांब्याची जाड तार वाकवून दोन चौकोन केले, कोपऱ्याला कोपरा जोडला आणि पाठीशी बंद पडलेल्या फ्रिजमधली जाळी बांधली.

“बायके, याने काय मासे धरणार?” धाकट्या सागिनने विचारलं. थोरल्या भावाला तो बायके म्हणायचा, आईला आपा.

“हो, हवेतले,” कुबात म्हणाला. “तुला काटे काढून देईन.”

पूर्वी टीव्हीत मुंग्या दिसायच्या म्हणे, पण मुंग्यांतूनही माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. चित्र आलं तर स्वच्छ, नाहीतर निळा पडदा. म्हणून कुबातने मला लांब काठीवर चढवलं आणि एक अख्खी दुपार गरागरा फिरवलं. टीव्हीचा टॉवर खाली, नदी वाहते त्या दिशेला होता, पण मध्ये डोंगराची सोंड आडवी आलेली. तिकडे तोंड केलं की पडदा निळा. शेवटी त्याने माझं तोंड समोरच्या तांबड्या कड्याकडे केलं आणि घरात एकदम गाणं सुरू झालं. टॉवरच्या लाटा कड्यावर आपटून माझ्याकडे येत होत्या.

शेजारचे जुमाश आके, म्हणजे मुलांचे चुलते, कुंपणापाशी येऊन हसले. “टॉवर तिकडे, आणि हा इकडे तोंड करून बसलाय. रुसलेली सून जशी.”

“रुसू दे, आके. फुटबॉल दाखवते ना सून?”

कड्याचं गुपित कुबातने कुणाला समजावलं नाही. सांगायला वेळ आहे, असंच वाटत असणार त्याला.

त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणात टीव्हीची माणसं आली. मेंढपाळांवर कार्यक्रम करत होती. कुबात त्यांच्याशी खूप बोलला. आणि शरदात मेंढरं खाली उतरवताना नदीच्या पात्रात त्याचा घोडा घसरला. घोडा निघाला. कुबात निघाला नाही.

रीतीप्रमाणे अंगणात त्याच्यासाठी शोकाचा तंबू उभा करायचा होता. तंबूचं वरचं लाकडी कडं उचलून धरायला लांब काठी लागते. घाईत कुणाला दुसरी सापडेना, तेव्हा माझीच काढली. मला भिंतीशी टेकवलं. तिथून मी सागिनला पाहिलं. तो तंबूबाहेर हातातल्या काठीवर वाकून उभा होता, आणि पाहुणा दिसला की रीतीप्रमाणे मोठ्याने रडत होता, “बोरुम-आय, माझ्या भावा.” पाहुणे नसतानाही त्याचं रडणं थांबत नव्हतं.

तंबू उतरला तेव्हा जुमाश आकेंनी मला पुन्हा छपरावर बसवलं. चांगल्या मनाने त्यांनी माझं तोंड सरळ टॉवरकडे केलं आणि मला काठीला धरणारी पट्टी घट्ट आवळली. शोकाचे चाळीस दिवस घरात टीव्ही लावायचा नव्हता. त्यामुळे काय झालंय ते कुणालाच कळलं नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर टीव्हीवाल्या बाईचा फोन आला. मेंढपाळांचा तो कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी दाखवणार होते. एकदाच.

“त्यात तो बोलेल ना रे?” आपाने सागिनला विचारलं. “फोटोत तो बोलत नाही.”

आता मी हे कोंबड्यांच्या खुराड्यावरून सांगतोय. पुढे घरावर उपग्रहाची तबकडी बसली आणि मी उतरलो. माझ्या जाळीत एक कोंबडी पाय अडकवून घेते, बाकी बरं चाललंय. मला परत वर चढवा असं म्हणत नाही. एवढंच मागणं आहे की, कुणी लावलेली वस्तू उलटी दिसली, तर सरळ करण्याआधी त्याला विचारा. तो आहे तोवर विचारा. आता त्या शुक्रवारचं सांगतो आणि तुमचा निरोप घेतो.

शुक्रवारी आपाने मेलेल्यांच्या नावाने बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळले. शेजारी येऊन बसले. टीव्ही लावला तर पडदा निळा. सागिन शिडीवरून धावत वर आला. त्याने मला जरा इकडे, जरा तिकडे हलवलं.

“टॉवरकडेच ठेव,” खालून जुमाश आके म्हणाले. “अजून सरळ.”

“सरळच आहे, आके.”

“मग तुझंच डोकं वाकडं असेल.”

खाली कार्यक्रम सुरू व्हायची वेळ होऊन गेली होती. सागिन मला शिव्या देऊ लागला, मग भावाला. “मला सांगून का नाही गेलास?” म्हणत त्याने मला दोन्ही हातांनी धरून असा हिसडा दिला की पट्टी तुटली आणि मी गर्रकन कड्याकडे फिरलो.

घरात आपा किंचाळली. मग खिडकीतून कुबातचा आवाज आला.

“लांडग्याची भीती नाही वाटत,” तो म्हणत होता. “माझा धाकटा भाऊ रात्री घोरतो ना, लांडगाच पळतो.”

खाली सगळे हसले. सागिन हसला आणि त्याच्या हसण्याने मी हातात कललो. कुबातचा आवाज तुटला.

“हलू नकोस,” आके ओरडले.

सागिन थिजला. आवाज परत आला.

“खाली ये रे, सागिन,” आपाने हाक मारली. “बघून घे त्याला. आके धरतील वर.”

“हात बदलला तर जाईल, आपा. तू बघ.”

इतके दिवस मोकळेपणी रडलेला तो मुलगा आता श्वाससुद्धा जपून घेत होता. त्याने कपाळ माझ्या जाळीला टेकवलं. गार वारा सुटला होता. त्याच्या दंडांना कंप सुटला, तो माझ्या तारांत उतरू लागला. मी तांब्यात होतं नव्हतं ते बळ एकवटलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत कड्यावरची नजर हलू दिली नाही.