पल्याडून आलेला वन्समोर

मी एक जुना, पोचे पडलेला कर्णा आहे, आणि माणसांच्या कानांबद्दल माझं मत अजिबात चांगलं नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गोड गोड ऐकायचं असेल तर एखाद्या छत्रीकडे जा, नाहीतर शाळेतल्या बाकाकडे जा. ती बिचारी रडतात छान. मला रडता येत नाही. मला फक्त ओरडता येतं.

माझा जन्म पुण्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. मी आणि माझा जुळा भाऊ एकाच दिवशी ठोकून तयार झालो. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या पौडच्या कुशाबांनी आम्हा दोघांना एकाहत्तर साली विकत घेतलं, आमच्या कडेला लाल रंगाने स्वतःचं नाव लिहिलं आणि एसटीच्या टपावर बांधून मुळशीत आणलं. तेव्हा मी असा चकाकत होतो की बायका माझ्यात बघून कुंकू नीट करायच्या.

पण माझ्या तोंडून काय काय वदवलं गेलं, विचारू नका. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. कुणाचं पोर हरवलं, कुणाची चप्पल सापडली. लग्नात नवरदेवाच्या मामाला पाच वेळा हाक. सरपंचांचा सत्कार, माजी सरपंचांचा सत्कार, मग रुसलेल्या चुलत्यांचा सत्कार. टोपी, टॉवेल, नारळ! गाणं ऐकायला जमलेली माणसं तासभर नारळ बघत बसायची आणि टाळ्याही वाजवायची. तेव्हाच मी ओळखलं, या लोकांना ऐकण्याशी काही देणंघेणं नाही.

धरणाच्या काठावर एक गाव आहे. तिथे दर चैत्रात जत्रेला गावातले हौशी लोक संगीत नाटक बसवत. राजा, प्रधान, विदूषक सगळे गावातलेच. राणी मात्र पुण्याहून यायची. प्रभावतीबाई! गावोगावी नाव असलेली गाणारी नटी. ती थेट प्रयोगाच्या दिवशी यायची, एकदा पदं म्हणून बघायची आणि रात्री उभी राहायची. मग महिनाभर तालमीत राणी कोण? तर बालवाडीच्या जाईबाई. राणीचे संवाद त्यांनी म्हणायचे, राणीची पदं त्यांनी गायची, म्हणजे राजाला सराव होईल.

राजा होते साहेबराव. गावातले मोठे बागाईतदार. स्वतःचा आवाज त्यांना इतका आवडे की तालमीलासुद्धा माइक लागायचा. म्हणून मी महिनाभर शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला असे आणि सगळं नाटक मला पाठ झालं होतं.

जाईबाई बौद्धवाडीतल्या. त्यांचे वडील आंबेडकरी जलशात गायचे, त्यामुळे सूर घरातलाच. तिसऱ्या अंकात राणी वनवासाला निघते आणि निरोपाचं पद गाते. जाईबाई ते पद धरायच्या, अर्ध्यावर यायच्या, आवाज वर चढायला लागायचा आणि साहेबराव हात वर करायचे.

"बास, बास. म्होरलं प्रभावतीबाई आल्यावर."

रोज हेच. पेटी वाजवणारे गेणबा मान खाली घालून भाता मिटायचे. एकदा जाईबाई त्यांना म्हणाल्या, "गेणबा, एक डाव तरी त्ये पद पुरं म्हनायचं हाय मला. माणसांम्होरं. मंग न्हाई काय मागणार."

मागून मागून काय मागितलं, तर एक अख्खं गाणं! तेही मिळत नव्हतं.

एकोणऐंशी सालची जत्रा आली. माझ्या भावाला मांडवाकडे तोंड करून बांधलं. मला मात्र कुशाबांनी रंगमंचामागच्या उंबरावर चढवलं आणि माझं तोंड पाण्याकडे केलं, कारण पलीकडच्या काठावर वाड्या होत्या. सूर्य बुडाला की होडी बंद. तिथली माणसं आपल्या काठावर घोंगडी टाकून बसत आणि नुसतं ऐकून जत्रा करत. उन्हाळ्यात पाणी आटून तिथला धरणाचा फाटा अरुंद होई. मोठ्याने हाळी दिली तर या काठाची त्या काठाला जाई.

शेवटची एसटी आली आणि रिकामी झाली. प्रभावतीबाई उतरल्याच नाहीत. त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या जत्रेची सुपारी घेतल्याचं कंडक्टरकडून कळलं. साहेबराव अर्धी मिशी चिकटवून रंगपटात येरझाऱ्या घालायला लागले.

"नाटक रद्द करा. अब्रू जाती आपली."

गेणबा म्हणाले, "रद्द कशापायी? जाईबाईस्नी समदं पाठ हाय."

"आरं, तालमीत चालतंय. स्टेजवर राणी म्हणून कसं चालंल?"

"गळा तर राणीचाच हाय नव्हं?"

का चालणार नाही, ते साहेबरावांना तोंडाने सांगता येईना. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. शेवटी त्यांनी नाइलाजाने हो म्हटलं आणि आम्हा दोघा भावांच्या तोंडून जाहीर केलं, "प्रभावतीबाई येऊ शकल्या न्हाईत. त्येंच्या जागी आपल्या बालवाडीच्या जाईबाई काम करतील."

अरे बापरे, काय तो गोंधळ! "आमी काय बालवाडीत बसायला आलोय व्हय?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "गाणं काय, रेडिओवर बी ऐकतोय. आमाला प्रभावतीबाई बघायची हाय." तिसऱ्याने तर लाजच सोडली. "बौद्धवाडीतली राणी? आन् आपुन खाली बसून बघायचं?" आणि शेजारचे हसले. या तिघांना मी चांगला ओळखतो. मागच्या वर्षी प्रभावतीबाईंचा घसा बसला होता, दुसऱ्या अंकात त्या चक्क पद विसरल्या, तेव्हा हेच तिघे उभे राहून वन्समोर, वन्समोर करत होते. थू असल्या कानांवर!

जाईबाई आल्या. हातात काचेच्या बांगड्या, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. पहिले दोन अंक लोकांनी खोकून, शेंगा फोडून आणि "बाई, पाढे म्हणा पाढे" असं ओरडून काढले. त्या एकही शब्द चुकल्या नाहीत. साहेबराव मात्र दोनदा चुकले, पण त्यांना कोण बोलणार?

तिसरा अंक आला. गेणबांनी सूर दिला. जाईबाईंनी निरोपाचं पद धरलं आणि साहेबरावांचा पुतण्या जयसिंग उठला. मांडवाच्या खांबाशी गेला आणि माझ्या भावाची वायर उपसून टाकली. भाऊ मुका झाला. सगळे खिदळले. कुशाबा धावत आले तर विंगेतून साहेबराव हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. लवकर उरकून टाकू."

मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ नीच आवाज ऐकले आहेत. त्या कुजबुजीइतका नीच एकही नव्हता.

पण जयसिंगला कुठली अक्कल! त्याने एकच वायर तोडली. उंबरावरचा मी त्याच्या ध्यानातच नव्हता. मांडवात जाईबाईंचा आवाज हशात बुडत होता आणि माझ्या तोंडून तो पाण्यावर जात होता. रोजची अर्ध्यावरची जागा आली. आता कोण हात वर करणार? कोणी केला नाही. आवाज चढला आणि पुढे गेला, जिथे तो तालमीत कधीच गेला नव्हता, आणि मला वाटलं माझा पत्रा फाटतोय. असं काही माझ्यातून कधी गेलं नव्हतं. पद पुरं झालं.

मांडवात कोणीतरी जांभई दिली.

आणि तेवढ्यात पाण्यापलीकडून हाळी आली. आधी एका बाईची. "वन्स... मोर!" मग दहा-वीस गळे एकदम. "जाईबाई! वन्समोर!"

मांडवात शेंगा फोडायचं थांबलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग, ऐका मित्रांनो, ऐका, त्याच तिघांपैकी एकाने घसा खाकरला आणि ओरडला, "व्हय व्हय, वन्समोर!" लगेच सगळा मांडव सुरू झाला. ज्यांनी एक ओळ ऐकली नव्हती, ते टोप्या उडवायला लागले. जयसिंग स्वतः वायर जोडायला धावला. पलीकडच्यांनी सांगितलं तेव्हा यांना कळलं, की चांगलं होतं!

साहेबराव विंगेतून हातवारे करत होते, म्हणा, म्हणा. जाईबाईंनी मुकुट काढून खाली ठेवला. माइकमध्ये म्हणाल्या, "पल्याडच्या मंडळींनी मागितलंय. त्येंच्यासाठी म्हनते." मग वळल्या आणि गेणबांना म्हणाल्या, "मागला पडदा वर घ्या."

राजवाड्याचा रंगवलेला पडदा वर गेला. मागे अंधार आणि पाणी. जाईबाईंनी माइक फिरवला, मांडवाकडे पाठ केली आणि ते पद पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा म्हटलं. साऱ्या गावाने त्यांची पाठ बघितली. अगदी चूपचाप बसून बघितली.

तुम्हाला वाटेल, लोक सुधारले. कसले सुधारतायत! महिन्याभरात साहेबराव सांगत सुटले की जाईबाईंना त्यांनीच हेरलं होतं. आणि पुढच्या वर्षी होळी झाल्यावर ते नारळ घेऊन बालवाडीच्या दारात हजर. मी तेव्हा समोर बैलगाडीत होतो, कुशाबा मला तालमीसाठी शाळेत नेत होते.

"बाई, तालमीला या. या टायमाला प्रभावतीबाई नक्की येणारेत. तवर तुमी म्हणा राणीचं."

जाईबाई पोरांच्या पाट्या पुसत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"साहेबराव, राणीच्या जागी त्यो कर्णा बसवा," त्या म्हणाल्या. "त्येला अर्ध्यापातुर समदं पाठ हाय. म्होरलं कसं हाय, त्ये पल्याड जाऊन इचारा."

कुशाबा हसता हसता बैल हाकायचे विसरले.

आता मी कुशाबांच्या परड्यात पडून आहे. माझ्या तोंडात कोंबडी अंडी घालते. ती निदान गप्प बसते. गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी म्हणायचं असतं की आम्हाला जपा, पुसा, रंग द्या. मला नको तुमचा रंग. एवढंच करा. एखाद्या नावाजलेल्या माणसाच्या जागी कोणी अनोळखी उभं राहिलं, तर तुमचं खोकणं आणि शेंगा खिशात ठेवा आणि त्याचं एक गाणं पुरं होऊ द्या.

आणि तेवढंही जमत नसेल, तर उगीच टाळ्या वाजवू नका. ज्यांना ऐकायचं आहे, ते पल्याड बसलेले आहेत.