अजून अर्धंच येतं

नावाड्याला पोहता येत नव्हतं. उभ्या आयुष्यात त्याची नाव कधी उलटली नव्हती, त्यामुळे घरचेही ही गोष्ट विसरून गेले होते.

एका सकाळी एक तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन नावेत बसली. नाव मध्यावर आली तेव्हा तिनं सहज विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येतं ना?"

तो उत्तर शोधतोय तोवर दोर आवरत बसलेला त्याचा थोरला भाऊ हसला. "अहो ताई, माशाला कुणी असं विचारतं का!"

सगळे उतारू हसले. ती बाईही निर्धास्त झाली आणि छातीशी धरलेलं बाळ तिनं मांडीवर घेतलं. नावाडी मात्र पैलतीर येईपर्यंत त्या बाळाकडेच बघत वल्हवत राहिला.

त्याची सून शाळेच्या तलावावर पोहायला शिकवायची. त्या रात्री जेवताना तो तिला म्हणाला, "पोरी, मला शिकवशील?"

"काय, बाबा?"

"पोहायला."

मुलाला ठसका लागला. सून मात्र शांतपणे म्हणाली, "उद्या उजाडायच्या आत या. आणि तिथं मी सांगेन तसं."

नदीवर ज्याचा शब्द चालायचा तो तलावात कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून पाय आपटू लागला. पोटभर पाणी प्यायला. "बाबा, पाण्याशी भांडू नका! मान सैल सोडा!" सून ओरडायची. आता मान सैल सोडणं त्याला कुठल्याच बाबतीत कधी जमलं नव्हतं, तर पाण्यात काय जमणार!

बातमी फुटलीच. धक्क्यावर थोरल्यानं त्याला गाठलं. "म्हातारपणी हे काय खूळ? बापजाद्यांचं नाक कापलंस! आजवर काय अडलं होतं तुझं?"

"काही अडलं नाही, म्हणून तर शिकतोय. अडल्यावर शिकायला वेळ कोण देणार, ही नदी?"

"हळू बोल, उतारू ऐकतायत."

"ऐकू देत!" नावाडी नावेकडे वळला. "ऐका हो, मला पोहता येत नव्हतं. आता शिकतोय, अजून अर्धंच येतं. ज्याला भीती वाटते त्यानं पुलावरून जावं. लांब पडेल, पण पोचाल."

काही जण खरंच उतरले. भावानं कपाळावर हात मारला आणि त्या दिवसापासून अबोला धरला. नाव अर्धी रिकामी जाऊ लागली. नावाड्यानं तलाव सोडला नाही. आधी कठडा सुटला, मग तळ सुटला, मग एके दिवशी मानही सैल सुटली.

नदी संथ झाल्यावर एका सकाळी त्यानं धक्क्यावर सदरा काढला. "दादा, आज वल्हं तू घे," म्हणाला आणि उतारू बसलेल्या नावेच्या बाजूला पाण्यात उतरला.

थोरल्याला वल्हं घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तोंड फुगवून तो वल्हवत राहिला. पण मध्यावर धाकट्याचा हात मंदावला आणि थोरल्याचा अबोला पार वाहून गेला. "अरे, तिकडं ओढ आहे! माझ्याकडं सरक! नावेला धर!"

"धरणार नाही!" नावाडी पाणी थुंकत ओरडला. आणि त्यानं धरली नाही.

पैलतीरी तो गुडघ्यांवर कोसळला. थोरल्यानं पंचा त्याच्या अंगावर फेकला. "फिटली हौस?"

"माझी फिटली," नावाडी धापा टाकत म्हणाला. "उद्यापासून तू."

"माझं वय बघ जरा!"

"सूनबाई वय विचारत नाही."

परतताना थोरला सबंध वाटभर शिव्या देत होता. पण नाही मात्र एकदाही म्हणाला नाही.