उन्नतीची लाथ

"मान मोडेल तो डॉक्टर पोरीची!" नरपडहून निघताना मी ओरडले, चारोटीला रिक्षातून उतरतानाही ओरडले. पण माझा नवरा हार्दिक ऐकेल तर शपथ!

आमची उन्नती अडीच महिन्यांची. दिवेलागण झाली की पोटात कळ येते आणि असा टाहो फोडते की वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडतात. तिच्या बापाने मोबाईलवर कसलासा व्हिडिओ पाहिला: मणका कट्‌कन बसवला की बाळ गप्प! झालं. चारोटीला हॉटेलाच्या वरच्या माळ्यावर एक कायरोप्रॅक्टर बसतात, हाताने मणके सरळ करणारे. त्यांच्याकडे नंबर लावून हा मोकळा.

डॉक्टरांनी आधी स्वतःची बोटं कडाकडा मोडली. पोरीला मी छातीशी घट्ट धरलं.

"द्या इकडे," म्हणत ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. "आई गं!"

कमरेत उसण भरली होती. मी ओढणी तोंडात कोंबली, नाहीतर हसू फुटलंच असतं.

सोबत आलेल्या सासूबाई मात्र उठल्या. "पालथे पडा. आमची पोर पायाळू आहे. जन्मताना पाय आधी आले हिचे."

पायाळूची लाथ बसली की उसण पळते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"मावशी, याला काही शास्त्र नाही हो!" डॉक्टर कण्हले.

"आणि तुमच्या त्या कट्‌कनला आहे?"

डॉक्टर निमूट पालथे पडले. सासूबाईंनी उन्नतीला काखांखाली धरून त्यांच्या कमरेवर उभी केली. पोर चिडली. गुडघे पोटाशी घेऊन तिने धपाधप लाथा झाडल्या. मग एक लांबलचक आवाज झाला. डॉक्टरांच्या कमरेतून नव्हे. पाठोपाठ पांढऱ्या कोटावर पिवळा ओघळ आला.

उन्नती गप्प झाली आणि खुदकन हसली.

डॉक्टर ताडकन उठले. उसण गेली म्हणून की कोटाच्या काळजीने उठले, देव जाणे!

"मणका ठणठणीत आहे हिचा," ते म्हणाले. "घरी न्या. थोडी मोठी झाली की रडं आपोआप थांबेल."

"पण ते कट्‌कन?" हार्दिक चाचरला.

"अजिबात नको!"

मी पोरीला उचलून घेतलं. हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

दुसऱ्या संध्याकाळी उन्नतीने पुन्हा सूर लावला. हार्दिकने मोबाईल ठेवला, लेकीला खांद्यावर टाकलं आणि किनाऱ्यावर येरझाऱ्या घालायला लागला. तिचं रडणं मला घरातही ऐकू येत होतं. मी आडवी झाले आणि कितीतरी दिवसांनी ढाराढूर झोपले.